लिटरला किती?

आमची गाडी लिटरला साडेदहा किलोमीटर देते हे बायकोने मला पेट्रोल पंपावर, हवा भरणाऱ्या माणसाच्या देखत सांगितलं. घरी सांगितलं असतं तर मी मुकाट्याने मान्य केलं असतं. पण परक्या माणसापुढे कुणी आपल्या गाडीबद्दल असं बोललं, की तिची बाजू घ्यावीच लागते. मी म्हणालो, "शक्यच नाही. तुझं गणित चुकलं असेल."

बायको शाळेत गणित शिकवते. हवा भरणाऱ्याला हे माहीत नव्हतं, तरी त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"गेल्या वेळी टाकी काठोकाठ भरली होती," बायको म्हणाली. "एकशे पाच किलोमीटर चालवली. आज परत काठोकाठ भरायला दहा लिटर लागलं. भागा तुम्हीच."

मी भागलं नाही. काही भागाकार चारचौघांत करायचे नसतात.

"महिनाअखेर हिच्या फिटनेसची मुदत संपतेय," ती पुढे म्हणाली. "तोवर लिटरला पंधरा दाखवा. नाही दाखवलंत, तर दादाच्या ओळखीचा भंगारवाला येऊन घेऊन जाईल. मी बोलून ठेवलंय."

गाडी पंधरा वर्षांची झाली, की ती अजून रस्त्यावर यायला लायक आहे असा कागद परिवहन कार्यालयातून आणावा लागतो. पन्नाशीच्या माणसाला असा कागद लागत नाही, हे माझं नशीब. ही गाडी लहान, फिकट निळी, चार दरवाज्यांची. नवी होती तेव्हा लिटरला अठरा द्यायची, आणि मी ते लोकांना न विचारता सांगायचो. आमच्या घरातले पडदे बायकोने निवडले, भिंतींचा रंग मेहुण्याने, टीव्ही मुलीने. माझे शर्टसुद्धा मला वाढदिवसाला मिळतात. दुकानात उभं राहून, बोट दाखवून "ही" असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो, ते या गाडीला. ती भंगारात गेली असती तर माझं म्हणण्यासारखं घरात माझं दाढीचं सामान उरलं असतं. म्हणून मी पंधराचा आकडा स्वीकारला.

पहिल्यांदा मेकॅनिककडे गेलो. हा माणूस मितभाषी आहे, म्हणजे गाडीशी बोलतो, मालकाशी बोलत नाही. त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, चारही चाकं उचलून हाताने फिरवून पाहिली. मग ऑइलची दांडी बाहेर काढली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"साहेब, गाडी टॅक्सीला लावता का?"

"मी विमा कंपनीत आहे," मी दुखावून म्हणालो.

"तसं नाही. ऑइल तीन महिन्यांपूर्वी बदललंय. किलोमीटर बघितले तर नवंकोरं दिसायला पाहिजे. हे तर डांबर झालंय. तुमची गाडी चालते कमी आणि दमते जास्त."

आता, मी विमा कंपनीत दावे तपासतो. कोण खरं बोलतं आणि कोण बनाव रचतं, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. इतका स्वच्छ पुरावा समोर आल्यावर माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने त्यावर विचार केला असता. मी मेकॅनिक बदलायचं ठरवलं. पण दुसरा मेकॅनिक लांब होता, आणि तिथे जायला पेट्रोल जळलं असतं.

इथवर गोष्ट माझ्या हातात होती. मग ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या अभियंत्यांच्या कानावर गेली. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सगळ्या जगाकडे ते गळणाऱ्या नळासारखं पाहतात. मी बॉनेट उघडून उभा होतो. ते माझ्यामागे येऊन म्हणाले, "हवा किती ठेवता?"

मी आकडा सांगितला.

"फार कमी! टायर टणक पाहिजे. टायर जितका टणक, तितका रस्ता त्याला कमी धरतो. साधं विज्ञान आहे."

मी हवा वाढवली. पुढच्या रविवारी पहिल्याच गतिरोधकावर माझ्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, कवळी निसटून डॅशबोर्डच्या कप्प्याखाली गेली. अप्पा काही बोलले नाहीत. कवळीशिवाय त्यांना काही बोलता येत नाही. पण ती सापडेपर्यंत त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात सगळं होतं.

"सिग्नलला इंजीन बंद करत चला," हा अभियंत्यांचा दुसरा सल्ला. तीन सिग्नल मी इंजीन बंद केलं. चौथ्या सिग्नलला ते माझ्या मदतीशिवाय बंद पडलं. वाहतूक पोलिसाने आणि मी मिळून गाडी कडेला ढकलली. ढकलताना त्याने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न लोक कुठल्या वेळी विचारतील याचा नेम नाही.

"मग वजन!" अभियंता म्हणाले. "मुळात प्रश्न वजनाचाच आहे. अनावश्यक ते सगळं काढून टाका."

डिकीतून मी एक मोडकी छत्री, मुलीचा शाळेतला लाकडी ड्रॉइंग बोर्ड आणि आठ वर्षांपूर्वी हरवलेलं इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर काढलं. अभियंत्यांनी ढिगाकडे पाहून मान हलवली. "मागच्या सीटवर रोज कोण बसतं?"

रोज कुणीच बसत नव्हतं. बायको सकाळी एकटी गाडी घेऊन शाळेत जाते, दुपारी एकटी परत येते. मी बसने जातो. आठवड्यातून एक दिवस सगळे बसतात, त्यासाठी सहा दिवस ते धूड वाहून न्यायचं? मी पाना घेऊन बसलो. दोन तासांनी मागचं सीट बाहेर आलं. कुठे ठेवायचं म्हणून आम्ही ते बैठकीच्या खोलीत खिडकीखाली ठेवलं. अप्पांना ते आवडलं. मुलगी म्हणाली, "पट्टा लावून टीव्ही बघू या."  बायको वह्या तपासत होती, आणि तिचं लाल पेन तेवढं थांबलं.

मग मी फिटनेसच्या तपासणीला गेलो. परिवहन कार्यालयात पहिल्या खिडकीवर धुराचं प्रमाणपत्र दाखवायचं, दुसऱ्या खिडकीवर विम्याचा कागद, तिसऱ्या खिडकीवर पहिल्या दोन खिडक्यांचे शिक्के. तिन्ही खिडक्यांच्या आत एकच बाई होती. ती खुर्ची सरकवत माझ्याबरोबर येत होती. शेवटी तपासणी अधिकारी बाहेर आले. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, मागचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं.

"सीट कुठाय?"

"घरी आहे."

"घरी काय करतंय?"

"वडील बसलेत."

अधिकाऱ्यांनी डोकं बाहेर काढलं. "कागदावर पाच आसनी वाहन आहे. माझ्यासमोर दोन आसनी उभं आहे. म्हणजे कागदावरची गाडी ही नाही. मग ती गाडी कुठाय?"

मी घराच्या दिशेने बोट दाखवलं. सीट बसवून एकोणतीस तारखेला या, असा शेरा मारून त्यांनी कागद परत दिले. दरम्यान मी टाकी पुन्हा काठोकाठ भरून पाहिली. प्लग नवे, टायर टणक, सीट घरी. ॲव्हरेज दहा पूर्णांक एक.

म्हणजे गाडी सुधारत होती आणि आकडा घसरत होता. अभियंत्यांनी डोळे बारीक केले. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या चोऱ्या पकडल्या होत्या. "आत येतंय तेवढं बाहेर दिसत नाही, म्हणजे मधे कुणीतरी नळी लावलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं पेट्रोल चोरीला जातंय."

मला एकदम सगळं स्पष्ट झालं. रोज संध्याकाळी सातला मी खाली गाडी पाहायला जायचो, तेव्हा ड्रायव्हरचं सीट पुढे सरकवलेलं असायचं. रेडिओवर भलतंच स्टेशन लागलेलं असायचं. मी मेकॅनिकला बोल लावत होतो. आता कळलं, हा चोर होता. पेट्रोल काढताना रेडिओ ऐकणारा निगरगट्ट चोर.

त्याला रंगेहाथ पकडायचं मी ठरवलं. हे काम आपल्याला येतं, हा भाव बऱ्याच दिवसांनी मनात आला. घरी कुणालाच सांगितलं नाही. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दीडच्या सुमारास इमारतीमागे, जिथे कुंपणाला लागून गाडी उभी राहते, तिथल्या पाण्याच्या टाकीआड जाऊन उभा राहिलो. ऊन मी म्हणत होतं.

पावणेदोनला बायकोने गाडी आणून लावली. उतरली नाही. इंजीन चालूच. मी टाचा उंचावून पाहिलं. तिने चपला काढल्या होत्या, डोकं मागे टेकलं होतं आणि डोळे मिटले होते. एसी सुरू होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाराव्या मिनिटाला तिने डोळे उघडले, चपला घातल्या, आरशात पाहून चेहरा घरच्यासारखा केला आणि वर गेली. हे चोरीत धरायचं नाही असं मी ठरवलं. ती मालकीणच होती.

माझ्याजवळची किल्ली लावून मी मागे शिरलो. सीट नसल्यामुळे तिथे एक माणूस आडवा मावेल एवढी मोकळी जागा झाली होती. वजन कमी केल्याचा हा एवढाच फायदा मला आजवर झालेला आहे. जुनी चादर अंगावर ओढून मी पडून राहिलो. दहा मिनिटांत माझी उकड झाली.

तीनला दार उघडलं. सीट करकरत पुढे सरकलं. इंजीन सुरू झालं, एसी सुरू झाला, मग ओळखीचा खोकला आला. घरात दारामागच्या खिळ्याला दुसरी किल्ली टांगलेली असते. ती अप्पांनी आणली होती.

"हां ताई! बोल आता! मोकळा आहे मी!" अप्पांनी फोनवर एवढ्या जोरात सांगितलं, की चादर हलली. ताई म्हणजे माझी आत्या, परगावी असते. ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला ओरडून सांगितलेलंच ऐकू येतं. "घरात कुठलं बोलणं होतंय? नाही नाही, सूनबाई चांगली आहे, कधी शब्दाने बोलत नाही! पण मी मोठ्याने बोललो, की वह्या तपासताना तिचं पेन थांबतं! ते थांबलेलं पेन मला ऐकू येतं बघ!"

मग गुडघ्यांची विचारपूस झाली. दोघांच्या मिळून चार गुडघ्यांची. मग:

"तो ना? बरा आहे! गाडीच्या मागे लागलाय! मागचं सीटच काढून ठेवलंय! … हो, अगदी तसंच! लहानपणी रेडिओ उघडला होता तसंच! तेव्हासुद्धा परत जोडल्यावर चार स्क्रू उरले होते!"

चादरीखाली मला घाम फुटला होता. तो सगळाच उन्हाचा नव्हता.

"विकायची म्हणतायत," अप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. पलीकडून बहुधा "काय?" असं आलं, कारण त्यांना पुन्हा ओरडावं लागलं. "विकायची म्हणतायत, ताई! विकली तर मग बघू! पत्र लिहीन मी तुला! … नाही गं, मी कशाला सांगू? त्यांची गाडी आहे!"

 फोन संपल्यावर इंजीन बंद करून, काच पुसून अप्पा वर गेले. चादरीखालून बाहेर यावं, त्यांना काहीतरी सांगावं, असं मला वाटलं. पण काय सांगायचं हे सुचेना, आणि पायाला मुंग्या आल्या होत्या.

मुंग्या जायच्या आत मुलगी आली. तीच खिळ्यावरची किल्ली, तोच एसी. कॉलेज संपून तिला वर्ष झालं, दोन मुलाखती हातच्या गेल्या, त्यामुळे घरात हा विषय आम्ही काढत नाही. ती आरसा स्वतःकडे वळवून त्यातल्या मुलीशी बोलू लागली.

"नमस्कार. माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे मी कुठल्याही प्रसंगात शांत राहते." जरा थांबून, "नाही, हसून म्हणायचं. मी कुठल्याही प्रसंगात अगदी शांत राहते."

नेमकी त्याच क्षणी मला शिंक आली.

ती कुठल्याही प्रसंगात किती शांत राहते हे सगळ्या इमारतीने ऐकलं. किंकाळी फोडता फोडता तिचं कोपर हॉर्नवर पडलं आणि तिथेच राहिलं. मी चादरीसकट उठून बसलो. त्यामुळे परिस्थिती सुधारली नाही. सगळ्यांत आधी अभियंता धावत आले, हातात नळाचा हातभर लांब पाना घेऊन. "पकडला! पकडला!" असं ओरडत त्यांनी दार उघडलं आणि पाना उगारला.

"मी आहे!" मी म्हणालो.

"तुम्ही?" त्यांचा चेहरा पडला. "स्वतःचंच पेट्रोल चोरता?"

बायको आली, मागून अप्पा आले. गॅलऱ्यांतून माणसं वाकली होती. मी चादर खांद्यावर घेऊन उभा होतो आणि माझी प्रतिष्ठा जमिनीवर कुठेतरी पडली होती. बायको म्हणाली, "सगळे आत बसा." बाहेर उकडत होतं, आणि बोलायला दुसरी जागा नव्हती. ती चालकाच्या जागी बसली, अप्पा शेजारी, आणि मी व मुलगी मागे जमिनीवर. एसी तिनेच लावला.

"किती दिवस चाललंय हे?" मी दावे तपासण्याच्या आवाजात विचारलं.

"मी पंधरा मिनिटंच बोलतो रे," अप्पा म्हणाले.

"पंचवीस," मी म्हणालो. "गुडघे धरून."

"मी आठवड्यातून तीनदाच येते," मुलगी म्हणाली. "घरात मोठ्याने बोलले की तुम्ही सगळे ऐकत नसल्यासारखं दाखवता. ते जास्त वाईट असतं."

बायको स्टीअरिंगकडे बघत होती. "शाळेत सहा तास 'मॅडम, मॅडम'. वर गेलं की 'आई', 'सूनबाई', 'अगं'. मधली दहा मिनिटं मला कुणी हाक मारत नाही. दहा मिनिटांनी काय फरक पडतोय, असं वाटलं मला."

गणिताच्या शिक्षिकेने हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि एसी एका खुणेने कमी केला. मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे गाडी निर्दोष आहे. गाडी उभी असते, मीटर हलत नाही, आणि तुम्ही तिघं—"

"आणि रोज सातला खाली येऊन तुम्ही काय करता?" तिने आरशातून विचारलं.

"इंजीनचा आवाज ऐकतो."

"वीस मिनिटं?"

"बारीक असतो आवाज."

"एसी लावून?"

"सीट मागे टाकून," अप्पा म्हणाले. "मला रोज पुढे ओढावं लागतं. रेडिओही हाच बदलतो."

मी तपास तिथेच थांबवला. काही प्रकरणं वरिष्ठांच्या हितासाठी बंद करावी लागतात.

ठरलं असं, की आठवडाभर गाडी उभी असताना इंजीन लावायचं नाही. खिळ्यावरची किल्ली बायकोने पर्समध्ये टाकली, माझी कपाटात ठेवली. भंगारवाल्याची अट कायम होती: पंधरा.

तो आठवडा आमच्या घराने कसा काढला हे मी थोडक्यात सांगतो. अप्पा आत्याशी बैठकीच्या खोलीतून बोलले. तीन मिनिटांत "बरं बरं, ठेवतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि मग दिवसभर फोनकडे पाहत बसले. मुलगी न्हाणीघरात नळ सोडून उत्तरं पाठ करू लागली. पाणी इतकं जात होतं, की वरचे अभियंता चौकशीला आले. बायको जिन्याच्या वळणावर दहा मिनिटं उभी राहायची. येणारे जाणारे तिला विचारायचे, "बरं वाटत नाही का?" त्यामुळे तिला खरंच बरं वाटेनासं झालं. मी सातला गाडीच्या सीटवर, म्हणजे खिडकीखाली बसायचो. अप्पा म्हणायचे, "सरक." चौथ्या दिवशी मीठ कमी पडण्यावरून चौघं एकदम बोललो. पाचव्या दिवशी कुणीच बोललं नाही.

आठव्या दिवशी टाकी भरली. सतरा पूर्णांक दोन.

मला नाचावंसं वाटायला हवं होतं. मी घरी येऊन आकडा सांगितला. अप्पा म्हणाले, "छान." मुलगी म्हणाली, "छान." बायकोने पेन खाली ठेवलं, उठून पर्समधून किल्ली काढली आणि दारामागच्या खिळ्याला परत लावली.

"अगं, पण आकडा—" मी म्हणालो.

"आकडा कळला मला," ती म्हणाली. "दादाला फोन करून सांगते, नको म्हणून."

अप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांना डोळे पुसायचे असले, की ते असं काहीतरी करतात.

सीट मेकॅनिककडून बसवून घेतलं. मी स्वतः बसवणार होतो, बसवलंही होतं, पण शेवटी दोन बोल्ट उरले, आणि अप्पा गॅलरीतून पाहत होते. एकोणतीस तारखेला अधिकाऱ्यांनी मागच्या सीटवर स्वतः बसून खात्री केली आणि कागदावर शिक्का मारला.

आता फ्रिजवर एक वेळापत्रक आहे, बायकोच्या सुंदर अक्षरात. पावणेदोन ती, तीनला अप्पा, पाचला मुलगी. येत्या गुरुवारी तिची तिसरी मुलाखत आहे, म्हणून या आठवड्यात तिला एक तास जादा. सातला मी. माझ्या नावापुढे बायकोने 'इंजीनचा आवाज' असं लिहिलंय.

काल आम्ही चौघं पेट्रोल पंपावर गेलो. तोच हवा भरणारा होता. त्याने टायर पाहिले, गाडीचं वय पाहिलं, आणि मला वगळून थेट बायकोला विचारलं, "मॅडम, वाढलं का ॲव्हरेज? लिटरला किती देते आता?"

बायकोने एकदा आरशातून मागे आमच्याकडे पाहिलं.

"चार माणसं," ती म्हणाली.